ट्रॅक्टर सेल्फ घेत नाही : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

थंडी पडू लागली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक तक्रार हमखास वाढते : जुना ट्रॅक्टर सकाळी सेल्फवर (इंजिन फिरवून चालू करणाऱ्या विजेच्या मोटरवर) चालू होत नाही. या वेळी नागपूर जिल्ह्यातून अशी पत्रे इतकी आली की संपूर्ण सदर याच विषयाला देणे योग्य वाटले. जवळजवळ प्रत्येक पत्रात ‘बॅटरी बदलावी का?’ असा प्रश्न आहे, पण बॅटरीचे व्होल्टेज किती भरले हे बहुतेकांनी लिहिलेले नाही. बॅटरीला काही हजार रुपये पडतात आणि साधा मल्टीमीटर काहीशे रुपयांत मिळतो. म्हणून पुढील उत्तरांत आधी मोजणी आणि नंतर खरेदी हाच क्रम धरला आहे.

प्रश्न : आमच्याकडे पस्तीस अश्वशक्तीचा, वीस वर्षांहून जुना ट्रॅक्टर आहे. दुपारी तो लगेच चालू होतो. पण डिसेंबर लागला की सकाळी सेल्फ मारल्यावर इंजिन दोन-तीन फेरे जडपणे फिरते आणि थांबते. मागच्या हिवाळ्यातही हेच झाले होते, म्हणून ८८ अँपिअर-अवरची नवी बॅटरी घेतली. ती एका वर्षात खराब होऊ शकते का? की सेल्फ काढून दुरुस्तीला द्यावा? – एक वाचक, काटोल

उत्तर : एका वर्षात बॅटरी निकामी होणे शक्य आहे, परंतु आपल्या पत्रातील दोन गोष्टींमुळे संशय दुसरीकडे जातो. तीच तक्रार सलग दोन हिवाळे आली, म्हणजे नव्या बॅटरीने मूळ दोष गेला नसावा. आणि दुपारी ट्रॅक्टर सहज चालू होतो, म्हणजे सेल्फही पूर्णपणे बिघडलेला नाही. थंडी स्वतः दोष निर्माण करत नाही. आधीपासून असलेली कमजोरी ती उघडी करते. नागपुरात डिसेंबर २०१८ च्या अखेरीस पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशा सकाळी इंजिनातील ऑइल घट्ट झालेले असते, त्यामुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. नेमक्या त्याच वेळी बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावल्याने ती कमी करंट देते. शिवाय डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा दाबली गेल्याने जी उष्णता निर्माण होते तिच्यावरच डिझेल पेटते, आणि इंजिन हळू फिरले तर ती उष्णता सिलिंडरच्या भिंतींत निघून जाते.

बॅटरीचे खरे नुकसान मात्र बहुधा उन्हाळ्यात झालेले असते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि बॉनेटखाली त्याहून अधिक उष्णता असते. ढोबळ हिशेबाने तापमान दर १० अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य जवळपास निम्म्यावर येते : आतील प्लेटा गंजतात, पाणी उडते, प्लेटा उघड्या पडतात. त्यामुळे मे महिन्यात पाण्याची पातळी पाहिली नसेल, तर डिसेंबरमध्ये त्याची किंमत मोजावी लागते.

आता प्रत्यक्ष तपासणी. ट्रॅक्टर रात्रभर उभा राहिल्यावर सकाळी काहीही चालू करण्याआधी बॅटरीच्या दोन्ही पोलांवर मल्टीमीटर लावावा. १२.६ व्होल्ट किंवा अधिक आले तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे; १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ किंवा त्याखाली म्हणजे जवळपास रिकामी. आकडा १०.५ च्या आसपास स्थिर असेल तर सहापैकी एक सेल मेला आहे असे समजावे, कारण प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्ट देतो. बॅटरी अर्धवट भरलेली आढळल्यास पुढची कोणतीही परीक्षा घेण्याआधी ती संथ गतीने पूर्ण चार्ज करावी. क्षमतेच्या दहाव्या भागाइतका करंट योग्य, म्हणजे आपल्या बॅटरीसाठी आठ ते नऊ अँपिअर. दुकानात तासाभरात ‘फास्ट चार्जिंग’ करून आणलेली बॅटरी वरवर भरते, आतून नाही.

चार्जिंगनंतर काही तास थांबून हायड्रोमीटरने सहाही सेलची ग्रॅव्हिटी (आतील द्रवाची पाण्याच्या तुलनेत घनता) पाहावी. ती १.२५० च्या आसपास किंवा थोडी वर असावी. येथे आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे सेलांमधील फरक : पाच सेल १.२५० दाखवतात आणि एक १.१९० दाखवतो, तर ती बॅटरी कितीही चार्ज केली तरी टिकणार नाही. फरक ०.०५० पर्यंत पोहोचला की सेल सदोष धरावा. द्रव तापलेला असेल तर आकडा थोडा कमी दिसतो, दर १० अंशांना सुमारे ०.००७ इतका, म्हणून उन्हात उभ्या ट्रॅक्टरवर मोजून निकाल देऊ नये.

बॅटरी या दोन परीक्षांत उत्तीर्ण झाली तर तिच्यावर भार टाकून पाहावे. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि इंजिन चालू होऊ नये म्हणून स्टॉपची तार खेचून धरलेली. अशा स्थितीत सोबत्याने दहा सेकंद सेल्फ मारावा आणि आपण मीटर पाहावा. मीटरच्या सुया क्लॅम्पवर न टेकवता थेट शिशाच्या पोलावर टेकवाव्यात. व्होल्टेज ९.६ च्या खाली कोसळले, तर एकतर बॅटरी दमलेली आहे किंवा सेल्फ गरजेपेक्षा फार जास्त करंट ओढत आहे. पण व्होल्टेज १०.५ च्या वर राहूनही इंजिन जडच फिरत असेल, तर बॅटरीची शक्ती सेल्फपर्यंत पोहोचतच नाही. जुन्या ट्रॅक्टरांत हेच कारण सर्वाधिक वेळा दुर्लक्षित राहते आणि आपल्या बाबतीतही माझा पहिला संशय याच्यावरच आहे.

कारण असे की या आकाराच्या इंजिनाचा सेल्फ थंडीत सुमारे ३०० अँपिअर ओढू शकतो. एवढ्या करंटला एखाद्या सांध्यात ओहमच्या हजाराव्या भागाच्या पाचपट इतका क्षुल्लक विरोध झाला, तरी तेथे दीड व्होल्ट खर्ची पडतो. नुसत्या डोळ्यांना तो सांधा ठीक दिसतो, हेडलाइटही प्रखर लागतो, कारण दिव्याला केवळ चार-पाच अँपिअर लागतात. हा दोष सापडतो तो मोजूनच. सेल्फ मारत असताना मीटरची एक सुई बॅटरीच्या पॉझिटिव्ह पोलावर आणि दुसरी सेल्फच्या जाड टर्मिनलवर ठेवावी. आकडा अर्ध्या व्होल्टहून अधिक नसावा. मग एक सुई निगेटिव्ह पोलावर आणि दुसरी सेल्फच्या उघड्या धातूवर ठेवावी. तेथे पाव व्होल्टच्या आसपासच घट असावी. ज्या बाजूला आकडा मोठा येईल त्या बाजूचा एकेक सांधा याच रीतीने तपासत जावे.

बहुतेक वेळा दोष अर्थच्या पट्टीत, म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह पोल ट्रॅक्टरच्या धातूच्या अंगाशी जोडणाऱ्या पट्टीत निघतो. ती गिअरबॉक्सच्या अंगावर बोल्टने आवळलेली असते, तिच्यावर ऑइल आणि काळ्या मातीचा थर साचतो, खाली रंग किंवा गंज असतो. पट्टी सोडून बोल्टखालची जागा कानसने चकचकीत होईपर्यंत घासावी. बॅटरीच्या क्लॅम्पवर आलेली पांढरी-हिरवट बुरशी कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावी, पोल आणि क्लॅम्प आतून घासावेत, घट्ट आवळावेत आणि मगच वरून व्हॅसलिन लावावे. क्लॅम्पच्या आत ग्रीस भरून आवळण्याची पद्धत चुकीची आहे. केबलही पाहावी : पूर्वी कधी तुटलेली केबल पिळून जोडली असेल किंवा मूळ जाड केबलच्या जागी बारीक केबल आली असेल, तर ती बदलण्याचा खर्च नव्या बॅटरीच्या तुलनेत अगदी थोडा आहे. काम करताना निगेटिव्ह क्लॅम्प आधी काढावा आणि शेवटी लावावा, म्हणजे पाना चुकून ट्रॅक्टरच्या अंगाला टेकला तरी ठिणगी पडणार नाही.

हे सर्व ठीक निघाले तर ऑइल कोणते भरले आहे ते पाहावे. १५डब्ल्यू-४० या मल्टिग्रेड ऑइलच्या जागी जाड एकग्रेड ऑइल असेल तर थंडीत इंजिन जड होणारच. सेल्फ मारताना क्लच पूर्ण दाबून ठेवावा, म्हणजे गिअरबॉक्समधील घट्ट ऑइल घुसळण्याचे ओझे सेल्फवर पडत नाही. सेल्फ काढण्याची पाळी यानंतर. त्याचे बुश झिजले की आर्मेचर (आतील फिरणारा भाग) आतल्या पोलांना घासते, करंट वाढतो आणि सेल्फचे अंग लगेच तापते. सिद्ध झालेल्या चांगल्या बॅटरीवरही व्होल्टेज ९ च्या खाली जात असेल तरच सेल्फ दुरुस्तीला द्यावा.

प्रश्न : धानाची रोवणी झाली की ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आमचा ट्रॅक्टर उभाच असतो. आठ-दहा दिवसांनी पाहावे तर बॅटरी पूर्ण डाऊन. चार्ज करून आणली की ट्रॅक्टर व्यवस्थित चालतो. बॅटरी दोन वर्षांची आहे. – एक वाचक, मौदा

उत्तर : चांगली बॅटरी आठ दिवसांत आपोआप रिकामी होत नाही, कोणीतरी ती खात आहे. सर्वांत आधी चावीची सवय तपासावी. यांत्रिक डिझेल पंपाच्या ट्रॅक्टरचे इंजिन स्टॉपची तार ओढून बंद होते, त्यामुळे चावी चालूच राहिली तरी लक्षात येत नाही. चावी चालू असताना काही ट्रॅक्टरांत अल्टरनेटरच्या (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) फील्ड वाइंडिंगमधून दोन-तीन अँपिअर करंट वाहत राहतो आणि ८८ अँपिअर-अवरची भरलेली बॅटरी दीड-दोन दिवसांत संपते. घरातील मुले ट्रॅक्टरवर चढून खेळत असतील तर हे विशेष पाहावे.

चावी बंद असूनही बॅटरी उतरत असेल तर निगेटिव्ह क्लॅम्प काढून, क्लॅम्प आणि पोल यांच्यामध्ये मल्टीमीटर अँपिअरच्या १० च्या खुंटीवर लावावा. या स्थितीत सेल्फ मारू नये, मीटर जळेल. जुन्या ट्रॅक्टरात घड्याळ नाही, संगणक नाही, तेव्हा आकडा जवळपास शून्य असायला हवा, ०.०५ अँपिअरहून जास्त आला तर गळती आहे. मग एकेक फ्यूज आणि एकेक तार सोडत जावे. जी सोडल्यावर आकडा पडेल तेथे दोष. आधी बाहेरून बसवलेल्या वस्तूंकडे वळावे, म्हणजे गाण्यांचा डेक, मोबाइलचे चार्जर, ट्रॉलीच्या दिव्यांची तार, थेट बॅटरीवरून ओढलेला मागचा दिवा. त्यानंतर अल्टरनेटरची जाड तार सोडून पाहावी, कारण त्यातील डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळू लागला की करंट उलटा वाहतो.

पावसाळ्यात आणखी एक कारण असते. बॅटरीच्या झाकणावर धूळ, ओल आणि ॲसिडचा पातळ थर मिळून करंट वाहण्याचा रस्ता तयार होतो. मीटरची एक सुई निगेटिव्ह पोलावर ठेवून दुसरी झाकणावर फिरवावी. काही व्होल्ट दिसले तर वरचा भाग सोड्याच्या पाण्याने पुसून कोरडा करावा. सोड्याचे पाणी सेलमध्ये जाता कामा नये, म्हणून बुचे आधी घट्ट लावावीत. ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल तर निगेटिव्ह क्लॅम्प काढून ठेवावा आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करावी. डाऊन झालेली बॅटरी तशीच आठवडेच्या आठवडे ठेवणे हा तिच्यावरचा सर्वांत मोठा अन्याय आहे. प्लेटांवर सल्फेटचे कठीण थर जमतात आणि मग गमावलेली क्षमता पूर्ण परत येत नाही.

प्रश्न : ट्रॅक्टरला जुना डायनमो आहे. दिवसा काम केले तर बॅटरी टिकते, रात्री वखरणी केली की दुसऱ्या दिवशी सेल्फ लागत नाही. गावातील मिस्त्री इंजिन चालू असताना बॅटरीचा क्लॅम्प काढून ‘इंजिन बंद पडले नाही, म्हणजे चार्जिंग ठीक आहे’ असे सांगतो. अल्टरनेटर बसवावा का? – एक वाचक, सावनेर

उत्तर : ती परीक्षा कृपया पुन्हा करू देऊ नये. यांत्रिक पंपाचे डिझेल इंजिन एकदा चालू झाले की त्याला विजेची गरज उरत नाही. बॅटरी काढली काय, डायनमो काढून ठेवला काय, ते चालतच राहणार. त्यामुळे या परीक्षेतून चार्जिंगविषयी काहीच कळत नाही. नुकसान मात्र होऊ शकते : अल्टरनेटर असेल तर बॅटरीचा आधार सुटताच व्होल्टेज उसळून डायोड आणि रेग्युलेटर जळतात. शिवाय चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि हवेत तो ४ टक्के झाला तरी एका ठिणगीने स्फोट होऊन ॲसिड तोंडावर उडू शकते.

चार्जिंग मोजण्याची रीत सोपी आहे. इंजिन मध्यम वेगावर, मिनिटाला सुमारे १५०० फेऱ्यांवर ठेवून बॅटरीच्या पोलांवर व्होल्टेज पाहावे. ते १३.८ ते १४.४ असावे. इंजिन बंद असताना जो आकडा होता तोच राहिला तर चार्जिंग नाही, १४.८ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला असून तो बॅटरीचे पाणी उकळून काढत आहे. नंतर सर्व दिवे लावून पुन्हा मोजावे. दिवे लावल्यावर आकडा १३ च्या खाली आला, तर रात्रीच्या कामात बॅटरी चार्ज होत नाही, उलट खर्ची पडते.

आपल्या तक्रारीचे कारण बहुधा हेच आहे. ५५ वॅटचे दोन पुढचे आणि एक मागचा दिवा मिळून १६५ वॅट होतात, म्हणजे सुमारे १४ अँपिअर. जुन्या डायनमोंपैकी काहींची पूर्ण क्षमताच ११ अँपिअरची असते आणि मंद वेगावर तर ते काहीच देत नाहीत; कटआउट (डायनमो बॅटरीला जोडणारा आपोआप चालणारा स्विच) उघडा राहतो. हिशेब तोट्याचा आहे आणि तो तोटा रात्रभर बॅटरी भरून काढते. पट्टा ढिला आहे का, कार्बन झिजले आहेत का, कम्युटेटर काळा पडला आहे का हे पाहावेच. पण डायनमो निरोगी निघाला तरी रात्रीच्या कामाला तो पुरणार नाही. दिवे एलईडीचे केले तर भार एक-तृतीयांशाच्या आसपास येतो आणि तो खर्च कमी आहे, म्हणून मी आधी तो उपाय सुचवीन. रात्रीचे काम नित्याचे असेल तर अल्टरनेटर बसवणे योग्यच. त्या वेळी ट्रॅक्टरचा अर्थ पॉझिटिव्ह आहे की निगेटिव्ह हे आधी पाहून घ्यावे, कारण परदेशी बनावटीच्या काही फार जुन्या ट्रॅक्टरांत पॉझिटिव्ह अर्थ असतो आणि उलटी जोडणी झाली तर नवा अल्टरनेटर क्षणात जळतो. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करायचे असेल तेव्हाही बॅटरी आणि अल्टरनेटरच्या तारा आधी सोडाव्यात.

प्रश्न : चावी फिरवली की फक्त ‘टक’ असा आवाज येतो आणि सेल्फ फिरत नाही. सोलेनॉइडच्या (सेल्फला बॅटरीचा करंट जोडणाऱ्या विजेच्या स्विचच्या) दोन बोल्टांवर पाना टेकवला की ट्रॅक्टर चालू होतो, म्हणून सध्या तसेच करतो. – एक वाचक, उमरेड

उत्तर : आजपासून हे बंद करावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. पाना टेकवणारा माणूस खाली, मागच्या मोठ्या चाकाच्या पुढे उभा असतो. ट्रॅक्टर चुकून गिअरमध्ये राहिला असेल तर इंजिन पेटताच तो पुढे सरकतो आणि माणसाला बाजूला व्हायला वेळ मिळत नाही. अशा रीतीने माणसे चिरडली गेली आहेत. चावीने चालू करताना क्लच किंवा न्यूट्रलचा सुरक्षा स्विच हाच प्रसंग टाळतो, पाना त्या स्विचला वगळून जातो. तो स्विच खराब झाला म्हणून तारा थेट जोडून ठेवल्या असतील तर तोही धोका तितकाच आहे. स्विच नवा घालावा.

आपण दिलेल्या माहितीवरून दोष बराच मर्यादित होतो. जाड बोल्टांवर पाना टेकवून सेल्फ जोरात फिरतो, म्हणजे बॅटरी, जाड केबल आणि सेल्फची मोटर ठीक आहेत. दोष सोलेनॉइडच्या आतील तांब्याच्या संपर्कात किंवा चावीकडून येणाऱ्या बारीक तारेत असावा. कोणी चावी फिरवत असताना त्या बारीक तारेच्या टर्मिनलवर व्होल्टेज मोजावे. बॅटरीच्या जवळपास आकडा आला आणि ‘टक’ होऊनही सेल्फ फिरला नाही, तर आतील संपर्क जळले आहेत, सोलेनॉइड बदलावा. ९ व्होल्टच्या खाली आला, तर चावीचा स्विच, सुरक्षा स्विच किंवा मधली तार सदोष आहे.

याच संदर्भात एक इशारा. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरचा सेल्फ ‘टक’ करून एकदम अडला, तर पुन्हा पुन्हा जोर लावू नये. उभ्या सायलेन्सरमधून पाणी सिलिंडरमध्ये उतरले असेल तर पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी स्टॉप ओढून इंजिन पुलीवरून हाताने फिरते का ते पाहावे. अडत असेल तर इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) काढून पाणी बाहेर काढावे लागेल. सायलेन्सरच्या तोंडावर झाकण ठेवले असते तर हा खर्च आलाच नसता.

प्रश्न : सेल्फ जोरात फिरतो, बॅटरी नवी आहे, तरी इंजिन पेटत नाही. सोयाबीन कळमन्याच्या बाजारात न्यायच्या दिवशी फार पंचाईत झाली. सेल्फ मारमारून शेवटी बॅटरीही डाऊन झाली. – एक वाचक, कळमेश्वर

उत्तर : सेल्फ जोरात फिरत असेल तर दोष विजेच्या बाजूला शोधू नये. सेल्फ मारताना सायलेन्सरकडे पाहावे. धूर अजिबात नाही, तर सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचत नाही. पांढरा धूर आहे, तर डिझेल पोहोचते पण पेटत नाही.

धूर नसेल तर सर्वांत आधी स्टॉपची तार पाहावी. गंजामुळे ती अर्धवट ओढलेल्या स्थितीत अडकते आणि पंप बंदच राहतो. मग टाकीतील डिझेल, टाकीचा कॉक आणि टाकीच्या झाकणाचे बारीक भोक तपासावे. त्यानंतर हवा. फिल्टर बदलल्यावर, टाकी पूर्ण रिकामी झाल्यावर किंवा एखादा तांब्याचा वॉशर झिजल्यावर पाइपात हवा शिरते आणि पंप ती दाबू शकत नाही. फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू ढिला करून फीड पंपाचा हाताचा दांडा मारावा, बुडबुडे थांबून सलग डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळावा. मग इंजेक्शन पंपावरच्या स्क्रूला तेच करावे. तरीही इंजिन पेटले नाही तर इंजेक्टरकडे जाणाऱ्या दोन पाइपांचे नट थोडे ढिले करून सेल्फ मारावा आणि डिझेल आले की आवळावेत. त्या वेळी बोटे नटांजवळ नेऊ नयेत, कारण इंजेक्टरच्या दाबाचे डिझेल कातडीत घुसते आणि अशी जखम बाहेरून लहान दिसली तरी लगेच दवाखान्यात दाखवावी लागते.

पांढरा धूर येत असेल आणि थंडी असेल, तर ज्या पंपावर थंडीत जास्त डिझेल देण्याचे बटण आहे ते दाबून पाहावे. अनेकांना आपल्या पंपावर असे बटण आहे हेच माहीत नसते. ज्या इंजिनाला हीटर आहे त्याचा हीटर तापतो का ते पाहावे. एअर क्लीनर तुंबलेला नसावा. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरच्या हवेच्या नळीत कुंभारीण माशी मातीचे घर करते, तेही बघावे. डिझेलमध्ये पाणी उतरले असेल तर फिल्टरच्या तळाचा स्क्रू उघडून ते काढून टाकावे. हे सर्व करूनही रोजच पांढरा धूर आणि उशिरा पेटणे चालू राहिले, तर इंजेक्टरची फवारणी आणि इंजिनाचे कॉम्प्रेशन तपासून घेणे आवश्यक आहे. पेट्रोलमध्ये भिजवलेला बोळा हवेच्या नळीशी धरून इंजिन पेटवण्याचा प्रयोग मात्र कोणीही करू नये.

बॅटरी डाऊन कशी झाली याचा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. निरोगी इंजिन पाच सेकंदांत पेटले तर ३०० अँपिअरने अर्ध्या अँपिअर-अवरहूनही कमी खर्च होतो आणि चार्जिंगने तो थोड्या वेळात भरून निघतो. पंधरा सेकंदांचे दहा प्रयत्न झाले की साडेबारा अँपिअर-अवर जातात, शिवाय सेल्फचे वाइंडिंग तापते. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून जास्त सेल्फ मारू नये, मध्ये किमान एक मिनिट थांबावे, आणि तीन-चार प्रयत्नांत इंजिन पेटले नाही तर चावी काढून कारण शोधावे.

प्रश्न : बॅटरीत आमच्या बोअरचे गाळलेले पाणी घातले तर चालते का? – एक वाचक, रामटेक

उत्तर : नाही. बोअरच्या पाण्यातील क्षार गाळून जात नाहीत. ते प्लेटांवर बसतात. फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, प्लेटांच्या वर दहा ते पंधरा मिलिमीटर. प्लेटा उघड्या नसतील तर चार्जिंग झाल्यावर भरावे, कारण चार्ज होताना पातळी वाढते. ग्रॅव्हिटी कमी आली म्हणून ॲसिड मात्र कधीही टाकू नये. कमी ग्रॅव्हिटीचा अर्थ बहुधा बॅटरी भरलेली नाही एवढाच असतो.

प्रश्न : अडचणीच्या वेळी ट्रकच्या बॅटरीवरून ट्रॅक्टर चालू करता येईल का? – एक वाचक, हिंगणा

उत्तर : बहुतेक मोठ्या ट्रकांत दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट केलेले असतात, त्यामुळे ट्रकवरून थेट जोडणी करू नये. १२ व्होल्टची जीप किंवा दुसरा ट्रॅक्टर चालेल. दोन्ही वाहनांचे अंग एकमेकांना टेकलेले नसावे. लाल केबल आधी डाऊन बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि तिचे शेवटचे टोक बंद ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. ही जोडणी निगेटिव्ह अर्थच्या वाहनांसाठी आहे. काढताना क्रम उलटा.

प्रश्न : ७५ च्या जागी १०० अँपिअर-अवरची बॅटरी बसवली तर सेल्फ जळेल का? आणि जुन्या बॅटरीचे काय करावे? भंगारवाला चांगला भाव देतो. – एक वाचक, कुही

उत्तर : सेल्फ जळणार नाही, कारण व्होल्टेज तेच राहते आणि सेल्फ आपल्या गरजेपुरताच करंट ओढतो. बॅटरी ट्रेमध्ये नीट बसली पाहिजे आणि तिचा क्लॅम्प घट्ट असला पाहिजे. रोटाव्हेटरच्या कंपनाने सैल बॅटरीच्या प्लेटा झडतात. चार्जिंग कमजोर असेल तर मोठी बॅटरीही रिकामीच राहील. नवी बॅटरी घेताना उत्पादनाचा महिना पाहावा, आणि दुकानात ॲसिड भरून लगेच हातात दिली जात असेल तर पहिले चार्जिंग पूर्ण करून मागावे. ते अर्धवट राहिले तर पुढे त्या बॅटरीची पूर्ण क्षमता मिळत नाही.

जुनी बॅटरी भंगारात देऊ नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटरीचा पुनर्वापर नोंदणीकृत केंद्रातच व्हायला हवा. विक्रेता जुनी परत घेतो आणि नवीच्या किमतीतून तिची रक्कम वजा करतो, ती बिलावर लिहून घ्यावी. भंगाराच्या अड्ड्यावर ॲसिड जमिनीवर ओतून शिसे उघड्या भट्टीत वितळवले जाते, आणि त्या धुरातील शिसे जवळपास राहणाऱ्या लहान मुलांच्या मेंदूला कायमची इजा करते.